भोकाचं माप

“मग फुंकणीला भोकं किती?” धुंडीनाथ महाराजांनी विचारलं.

मार्तंडने उत्तराला वेळ लावला नाही. तो कशालाच लावत नसे.

“दोन. एक फुंकायचं, एक वारा सुटायचं.”

“बघून सांगितलंस?”

“त्यात बघायचं काय, महाराज.”

महाराजांनी धुनीशेजारची लोखंडी फुंकणी उचलली, एक डोळा मिटला, दुसऱ्याला ती लावली आणि तिच्यातून मार्तंडकडे रोखून पाहत राहिले...

“मला एकच दिसतंय,” ते म्हणाले. “आणि त्यात तू आहेस.”

द्वारका जरा लांब, ओट्याच्या पायरीशी बसली होती. तिला हसू आलं. ते तिने पदराआड ढकललं, कारण आज हसण्याचा दिवस नव्हता. आज तिच्या नवऱ्याचे, मार्तंडचे, कान फाडायचे होते.

नाथांच्या त्या मठात रीत अशी होती, की ज्याला जोगी व्हायचं असेल त्याने आधी घरच्या बाईच्या हातून भिक्षा घ्यायची. लग्न झालेलं नसेल तर आईच्या, झालेलं असेल तर बायकोच्या. तिने पसाभर धान्य त्याच्या झोळीत घालायचं आणि स्वतःच्या तोंडाने ‘जा’ म्हणायचं. तेवढं झालं की महाराज सुरी घेणार, दोन्ही कानांना मधोमध चीर पाडणार आणि चिरेत शिंगाच्या जाड मुद्रा अडकवणार. मुद्रा चढल्या की माणूस घरचा राहत नाही. मग माघारी वाट नाही.

म्हणून द्वारकेच्या मांडीवर रुमालात बांधलेली बाजरी होती. सासूबाईंनी ती सुपात घेऊन पाखडून, खडे वेचून दिली होती. मुलगा कायमचा चाललाय म्हणून खड्यांसकट धान्य द्यायचं हे त्यांच्या हातून होणं नव्हतं.

सासूबाई स्वतः टेकडीखाली, बैलगाडीत बसून राहिल्या होत्या. गुडघे चढू देत नव्हते. सुनेला मात्र त्यांनी सगळं नीट पढवून पाठवलं होतं.

“रड. रडून नाही भागलं तर पाय धर. पाय सोडवून घेतले तर चक्कर येऊन पड.”

“आणि चक्कर नाही आली तर?”

“तर आण,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “लग्नाला दोन महिने नाहीत झाले. एवढं तरी जमायला पाहिजे.”

द्वारकेला ठरवून रडता येत नसे. आणि पाय धरून थांबवलेला माणूस घरी नेऊन त्याचं करायचं काय, हेही तिला कळत नव्हतं. ती गप्प बसून होती. मांडीवर बाजरी, आणि ‘जा’ हा शब्द अजून म्हणायचा राहिलेला.

सुरी कडुलिंबाच्या पाण्यात घालून ठेवलेली तिला इथूनही दिसत होती.

खरं तर एव्हाना सगळं उरकून गेलं असतं. अडलं ते मार्तंडच्या घाईमुळे.

“दोन भोकं तर पाडायची आहेत, महाराज,” आल्या आल्या तो म्हणाला होता. “त्याला मुहूर्त कशाला?”

“भोक म्हणजे काय ते ठाऊक आहे तुला?”

“मी कासार आहे. मी भोकंच विकतो.”

महाराजांनी भुवया उंचावल्या होत्या.

“बांगडीत दुसरं असतं काय? काचेची बारीक कड आणि मधलं भोक. बाई काच मागत नाही, माप मागते. म्हणजे भोकच मागते.”

“अरे वा,” महाराज मांडी घालून बसले होते. “मग तूच मला सांगू शकशील. आयुष्यभर मी लोकांच्या कानांना भोकं पाडली, पण भोक म्हणजे काय ते मला काही कळलं नाही. तू सांग. सांगितलंस की मी सुरी घेतो.”

आणि म्हणून ही फुंकणी.

“बरं, एक म्हणा,” मार्तंड आता म्हणाला. “एकच, लांबलचक.”

“एक म्हटलं तर चूल आणि बाई दोघी एकाच भोकाला तोंड लावून बसल्यात.”

“मग दोनच.”

“दोन म्हटलं तर पहिलं कुठं संपलं आणि दुसरं कुठं लागलं?”

मार्तंडने फुंकणी हातात घेऊन फिरवून पाहिली. मध्ये कुठे खूण नव्हती.

महाराजांनी द्वारकेकडे मान वळवली. “पोरी, तू रोज फुंकत असशील. तू सांग.”

आपल्याला कोणी विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. तरी उत्तर तयार होतं. गप्प बसणाऱ्यांची असतात.

“फुंकणारीला एकच दिसतं, महाराज. दुसरं चुलीला दिसत असेल.”

“‘असेल’ म्हणते,” महाराज मार्तंडला म्हणाले. “चुलीच्या बाजूनं कधी बसली नाही, म्हणून ‘असेल’ म्हणते.”

मार्तंडने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. महाराज उठले आणि धुनीसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले.

“ही कफनी. हिला किती?”

“चार. गळ्याचं, दोन बाह्यांची आणि खालचं.”

“खालचंही भोक?”

“नाही कसं? त्यातूनच तुम्ही आत शिरता.”

“मी तर गावातही वेशीतून शिरतो.”

“वेस मोठी असते, महाराज.”

“म्हणजे लहान असलं की भोक. आणि हे?” महाराजांनी डावा हात आणखी वर केला. काखेत शिवण उसवली होती आणि आतला वाळका दंड दिसत होता.

“ते भोक नाही. ते फाटलंय.”

“शिंप्यानं ठेवलं की भोक, आपलं आपण झालं की फाटलं?”

“हो.”

“मग हे वरचं गळ्याचं आणि हे काखेतलं, वाऱ्याला यातला फरक कसा कळतो रे? थंडीत तो दोन्हीतून येतो.”

द्वारकेची नजर त्या काखेवर अडकली. दोन टाक्यांचं काम. एवढा मोठा मठ, गावोगावचे भक्त, आणि दोन टाके घालायला कोणी नाही. हे सगळे घर सोडून आलेले, त्यामुळे सुई कोणाकडे असणार.

“तुम्ही शब्दात पकडताय,” मार्तंड म्हणाला. “मी सरळ सांगतो. जिथं काही नसतं, ते भोक.”

“तुझ्यामाझ्यात आत्ता काही नाही. आपण भोकात बसलोय?”

“भोवती कड लागते.”

“या अंगणाला चारी बाजूंनी भिंत आहे.”

“आरपार लागतं. एकीकडून शिरलं की दुसरीकडून निघता आलं पाहिजे.”

“मग उंदराच्या बिळाला काय म्हणू? ते तर पुढं बंद असतं.”

“उंदीर आत जाऊन संसार मांडतो, महाराज. त्याला कुठं बाहेर पडायचं असतं?”

बोलून गेल्यावर त्यालाच ते ऐकू आलं असावं. त्याची मान द्वारकेकडे वळता वळता राहिली...

धुनीतलं एक लाकूड घसरलं. महाराजांनी ते चिमट्याने सरळ केलं.

द्वारकेने रुमालाची गाठ उगाच घट्ट केली.

“ठीक,” मार्तंडने घसा साफ केला. “आता शेवटचं. कासाराचं उत्तर. भोक म्हणजे माप. ज्याला माप आहे ते भोक, ज्याला नाही ते नुसती मोकळी जागा. सव्वादोन, अडीच, पावणेतीन. त्यात फुंकणी नाही, कफनी नाही, उंदीर नाही.”

“हे बरं आहे,” महाराज म्हणाले. त्यांना खरंच ते आवडल्यासारखं दिसलं. “आणि माप कशानं कळतं?”

“डोळ्यानं. रस्त्याच्या पलीकडून बाई गेली तरी सांगतो.”

“चुकत नाही?”

“नाही.”

“कधीच?”

मार्तंडने उत्तर दिलं नाही. पहिल्यांदाच त्याला वेळ लागला.

त्या न दिलेल्या उत्तरापायीच तो इथे आला होता, हे द्वारकेला ठाऊक होतं.

त्यांच्या कासारांत लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचा चुडा नवरदेवाने भरायचा असतो. भर मांडवात, सगळ्यांसमोर. मार्तंडची तर पंचक्रोशीत ख्याती, म्हणून शेजारच्या बायकाही मुद्दाम बघायला आल्या होत्या. त्याने द्वारकेच्या हाताकडे लांबून एकदा पाहिलं, हिरव्या बांगड्यांचा एक जोड उचलला आणि घालायला घेतला. पहिली बोटांच्या सांध्यावर तटकन गेली. दुसरीही गेली. तिसरी गेली ती काच मनगटात घुसवून.

बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. पण त्या तीन बांगड्यांना आणि नवरीच्या हिरव्या साडीवर पडलेल्या रक्ताला ‘वाढली’ म्हणायचं कोणाला सुचलं नाही. पुढचा चुडा सासूबाईंनीच भरला.

लग्न झालं. दोघं एका घरात राहू लागली. तो तिच्या हाताकडे बघत नसे. ताट घेताना बघत नसे, पाण्याचा तांब्या घेताना बघत नसे. मग तो या टेकडीवर यायला लागला, आधी आठवड्यातून, पुढे रोज.

“मग चुडा?” महाराजांनी विचारलं. मार्तंडने त्यांना सांगितलेलं दिसत होतं.

“माप बरोबर होतं.”

“तरी फुटला.”

“तो इशारा होता. वरून. संसार तुझा नाही, असा.”

“वरच्याला तुझ्याशी बोलायचं होतं, तर त्यानं हिचं मनगट का धरलं?”

मार्तंडचा चेहरा लाल झाला.

“माप चुकलं असेल रे,” महाराज सहज म्हणाले. “होतं एखाद्या वेळी.”

“माप चुकलेलं नव्हतं.”

हे त्याने एवढ्या जोरात म्हटलं, की ओट्यावरचं कबुतर उडालं.

तेव्हा द्वारकेला सगळं नीट दिसलं. या माणसाला ‘माझं माप चुकलं’ असं म्हणण्यापेक्षा घर, आई, बायको सोडून कान फाडून घेणं सोपं वाटत होतं. तिला राग यायला हवा होता. आला तो थोडा, पण त्याच्या खाली दुसरंच काही होतं. भिजलेल्या मांजराला बघून येतं तसं.

“महाराज,” ती म्हणाली. “माप बरोबर होतं.”

दोघांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

“मीही कासाराच्याच घरची. वडील मला सव्वादोनच भरायचे. यांनी सव्वादोनच घेतली होती.”

“बघा,” मार्तंड म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. आपल्या बाजूने साक्ष निघाल्यावर आपलीच बाजू अवघड झाल्यासारखा. माप बरोबर होतं. बांगडी चांगली होती. मग...

“त्या दिवशी हात कसा होता, पोरी?” महाराजांनी विचारलं.

“गार,” द्वारका म्हणाली.

त्याहून जास्त तिला सांगता आलं नसतं. मांडवभर बायका, सगळ्यांचे डोळे आपल्या बोटांवर, आणि समोर एक अनोळखी माणूस बांगडी दोन बोटांत धरून ती लांबूनच सारतोय. त्याचा हात तिच्या हाताला लागतही नव्हता. गावातल्या सगळ्या बायकांचे हात धरणारा तो कासार, आपल्या नवरीचा हात लोकांसमोर धरायला लाजला होता. हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण नवरीने नवरदेवाला ‘अहो, हात धरा’ म्हणायचं, तेही भर मांडवात, ही रीत कुठल्याच कासारांत नव्हती.

महाराज उठून आत गेले. मठातल्या देवीपुढे बायका ओटी भरत, त्यातल्या बांगड्या एका परडीत साठत. त्यांनी त्यातून दोन हिरव्या बांगड्या आणल्या आणि मार्तंडपुढे ठेवल्या.

“माप?”

“सव्वादोन.”

महाराजांनी उजवा हात पुढे केला. मोठा, हाडांचा, राखेने खडबडीत झालेला.

“आणि याचं?”

“अडीचच्या वर.”

“म्हणजे ही जाणार नाही.”

“नाही जाणार.”

“डोळा म्हणतो?”

“डोळा म्हणतो.”

“मग घाल. फुटली तर तुझा डोळा खरा. मी सुरी घेतो, भिक्षेचं मी आणि ही बघून घेऊ. गेली तर जरा थांबू.”

द्वारका पायरीवर पुढे सरकली. यात काय होतं? बांगडी बोटांवर ठेवायची आणि रेटायची. ती फुटणारच होती. कुठलंही लहान मूल ती फोडू शकलं असतं.

मार्तंडने बांगडी उचलली. महाराजांच्या बोटांच्या टोकांशी नेली. तिथे तो थांबला.

मग त्याने बांगडी आपल्या अंगठ्यावर सरकवून ठेवली, आणि मोकळ्या झालेल्या बोटांनी महाराजांचा हात धरला.

ते त्याने ठरवून केलं नसावं. चांगली बांगडी हातात असताना ती फोडायची, हे त्याच्या बोटांना शिकवलेलंच नव्हतं. त्याने तळवा आपल्या दोन तळव्यांत घेतला, दाबला, सोडला. बोटांचे सांधे एकेक करून चोळले. अंगठा हळूच मुडपून तळव्यात घातला.

“हात सैल सोडा, बाई,” तो म्हणाला.

महाराजांनी सोडला.

“अजून... असं. लांबून आलात?” त्याचा आवाज बदलला होता. हलका, लाडीगोडीचा, बाजारच्या दिवशी दुकानाबाहेर ऐकू येणारा. हा आवाज घरात कसा असतो ते द्वारकेला माहीत नव्हतं. तो तिच्याशी त्या आवाजात कधी बोललाच नव्हता. “ऊन फार आहे नाही यंदा. माहेर कुठलं म्हणायचं आपलं?”

“ठाऊक नाही रे,” महाराज म्हणाले. “फार लहानपणी सुटलं.”

मार्तंडची बोटं क्षणभर थबकली. मग आणखी हळू चालू लागली.

बांगडी कधी सांध्यावर आली ते दिसलं नाही. जराशी फिरली, थोडी तिरकी झाली, हाडाशी कुजबुजल्यासारखी थांबली... आणि पलीकडे मनगटावर जाऊन पडली.



महाराजांनी हात वर धरला. राखेने माखलेल्या मनगटावर एक हिरवी बांगडी.

“हिचं माप?”

“सव्वादोन,” मार्तंडचा आवाज खाली गेला होता.

“माझ्या हाताचं?”

“अडीचच्या वर.”

“मग गेली कशी?”

मार्तंड आपल्या हातांकडे बघत होता. महाराजांचा हात अजून त्यांच्यातच होता. त्याने सोडला नव्हता.

“महाराज...” तो म्हणाला. “मी तुमचा हात धरला होता.”

महाराजांनी आपला हात सोडवून घेतला, कफनी सावरली आणि धुनीकडे तोंड करून राख सारखी करायला लागले, जणू अंगणात आता त्यांचं काही काम नव्हतं.



मग मार्तंड उठला. पायरीपर्यंत आला. द्वारकेच्या समोर, एक पायरी खाली, उकिडवा बसला. उरलेली बांगडी त्याच्याकडे होती.

त्याने तिच्या मनगटाकडे पाहिलं. लांबून नाही. तिथे काच घुसली होती त्या जागेची बारीक पांढरी रेघ राहिली होती. ती त्याने आज पहिल्यांदा पाहिली.

“दुखतं का?” त्याने विचारलं.

“आता नाही.”

“तेव्हा?”

“तेव्हा कोणी विचारलं नाही.”

त्याने बांगडी या हातातून त्या हातात घेतली. द्वारकेला वाटलं, आपण जरा जास्तच सरळ बोललो. पण परत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून तिने ते तसंच राहू दिलं.

“हात देतेस?” तो म्हणाला.

तिने मांडीवरची बाजरी बाजूला ठेवली आणि हात पुढे केला. सासूबाईंनी भरलेल्या चुड्याच्या बांगड्या त्याने आधी वर, कोपराकडे सारल्या. मग तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्याचे तळवे घामाने ओले होते. पंचक्रोशीतल्या बायका हसल्या असत्या.

“सैल सोड.”

“सोडलाय.”

“अजून थोडा.”

“तुमचाच थरथरतोय.”

“हो,” तो म्हणाला. “माझाच.”

त्याने अंगठा मुडपला, सांधे चोळले. आणि मग सवयीने, नकळत, त्याच्या तोंडून गेलं, “माहेर कुठलं म्हणायचं आपलं?”

द्वारकेने त्याच्याकडे पाहिलं.

“वरात घेऊन आला होतात की तुम्ही तिथं,” ती म्हणाली. “जिलबी कच्ची आहे म्हणून तुमच्या मामांनी भांडण काढलं होतं, ते गाव.”

मार्तंड हसला. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग आवाज काढून. दोन महिन्यांत तिने त्याला हसताना पाहिलं नव्हतं. त्याचा एक सुळा जरा पुढे आहे हे तिला आत्ता कळलं. तीही हसली, आणि हसताना हात आपोआप मऊ होतो, हे तिच्या वडिलांना ठाऊक होतं तसं यालाही ठाऊक असावं. कारण तिने खाली पाहिलं तेव्हा बांगडी मनगटावर होती.

धुनीपाशी चिमटा थांबला.

“गेली?” महाराजांनी वळून न बघता विचारलं.

“गेली,” द्वारका म्हणाली.

“कडुलिंबाचं पाणी वाया गेलं मग.”

द्वारकेने रुमालाची गाठ सोडली. मार्तंडची रिकामी झोळी ओट्यावर पडलेली होती. तिने तिच्याकडे पाहिलं आणि तिला वळसा घालून धुनीपाशी गेली. पाखडलेली, खडे वेचलेली बाजरी तिने महाराजांच्या शिधा ठेवायच्या पितळी भांड्यात ओतली. ‘जा’ म्हणायची आता गरज नव्हती.

“सासूबाईंनी दिलीय,” ती म्हणाली. “खडा सापडायचा नाही.”

“तुझ्या सासूला आदेश सांग,” महाराज म्हणाले. जोग्यांत नमस्काराला आदेश म्हणतात.

ती जायला वळली, पण वळता वळता राहवलं नाही. “महाराज, ती बांगडी तुमच्या हातातली... ती आता काढायची कशी? यांनी घालताना घातली, पण अडीचच्या वरच्या हातातून सव्वादोन निघायची म्हणजे...”

“वाढवावी लागेल,” मार्तंड खाली बघत म्हणाला.

महाराजांनी मनगट फिरवून बांगडी बघितली. उन्हात ती जरा चमकली.

“घालतानाच काढायचं कसं ते कोणी विचारतं का?” ते म्हणाले. “राहू दे.”

ती दोघं पायऱ्या उतरायला लागली. खाली, झाडाच्या सावलीत गाडी दिसत होती, आणि गाडीत उभ्या राहून, गुडघे विसरून, डोळ्यांवर हात धरून वर बघणाऱ्या सासूबाई. सून शुद्धीवर आहे आणि मागून मुलगाही येतोय, हे त्यांना इतक्या लांबून कितपत दिसत होतं कोण जाणे.

मार्तंड चार पायऱ्या उतरून थबकला. त्याने दोन्ही हात कानांवर नेले, जणू ते जागेवर आहेत का ते बघायला. मग मागे वळला.

“महाराज, आणि माझे कान?”

धुंडीनाथ महाराज ओट्याच्या कडेला येऊन उभे होते. त्यांनी खालच्या गाडीकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं, पुढे गेलेल्या द्वारकेकडे पाहिलं.

“आईला गाडीनं पुढं जाऊ दे,” ते म्हणाले. “तुम्ही दोघं चालत जा. वाटेत ही काही बोलेल... तेवढ्याला आहेत ती भोकं पुरतात.”